पाण्याचं भांडं उचलू नका



आजचा विषय वाचून काहीजणी नाक मुरडतील. कुत्र्याच्या लघवीवर लिहायचं म्हणजे काय! पण गेले दोन-तीन महिने स्वाध्याय सुटल्यावर चपला घालता घालता आपल्या बायकांत जे सल्ले दिले-घेतले जातात, ते ऐकून माझं डोकं तापलंय. क्रोध हा कषाय आहे, ठाऊक आहे मला. क्षमावाणीला हात जोडेन. आज मात्र बोलणार आहे.

सल्ले असे. घरात मुतलं की तिथंच नेऊन नाक घासायचं. वर्तमानपत्राची सुरळी करून दोन ठेवून द्यायच्या. गॅलरीत बांधून टाकायचं, येतं वळणावर आपोआप. संध्याकाळी पाचनंतर पाण्याचं भांडं उचलायचं. आणि एवढ्यानं नाहीच भागलं तर गाडीत घालून सोडून यायचं. हे सांगतंय कोण? कांदा-बटाट्याला हात न लावणाऱ्या, पाणी गाळून पिणाऱ्या, मेथीचं पान न् पान उलटून बघणाऱ्या बायका. आमच्या सासूबाई पाणी गाळल्यावर फडक्यात राहिलेले जीव त्याच विहिरीत परत सोडायच्या, कारण जिथला जीव तिथंच जगतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाची एवढी काळजी जिथं घेतली गेली, त्या आपल्या घरांत चार पायांच्या, टुकूटुकू बघणाऱ्या जिवाला मार बसतो. का, तर फरशी ओली केली.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं. "अगं, श्रावकानं कुत्री-मांजरं पाळूच नयेत." बरोबर आहे. मांसाहारी प्राणी पाळणं आपल्याकडे अनर्थदंडात धरलेलं आहे, आणि महाराजांनी तसं सांगितलं तर मी मान खाली घालून ऐकते. ज्यांना पाळायचं नाही त्यांनी खुशाल पाळू नये, त्यांच्याशी माझं भांडणच नाही. पण नातवाच्या हट्टापायी पंधरा-वीस हजार मोजून पिल्लू आणलं, पहिल्या आठवड्यात त्याचे फोटो साऱ्या गणगोताला धाडले, आणि महिन्याभरानं गालिचा खराब झाल्यावर अनर्थदंड आठवला, हे मी ऐकून घेणार नाही. आमच्या बी.कॉम.च्या भाषेत सांगायचं तर माल उचलला आणि बिल आल्यावर हात वर केले. जीव एकदा उंबऱ्याच्या आत घेतला की पुढचा हिशोब वेगळ्या पानावर सुरू होतो.

ते पान तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आहे. दशलक्षण पर्वात सातव्या दिवशी आपण तो दरवर्षी वाचतो. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. पाठ सगळ्यांनाच आहेत. पण पंडितजी अर्थ सांगतात तेव्हा डोळ्यांपुढं बैल आणि गाडीवान येतात, आणि आता बैल कुणाच्या दारात आहे, म्हणून आपण निवांत असतो. पूज्यपाद आचार्यांची सर्वार्थसिद्धी टीका काढून बघा. बंध म्हणजे जिवाला हव्या त्या ठिकाणी जाता येऊ नये अशी अडवणूक. वध म्हणजे इथं ठार मारणं नव्हे. काठीनं, चाबकानं, वेतानं मारणं. वर्तमानपत्राची सुरळी त्यांच्या काळी नव्हती, एवढंच. आता गॅलरीत कोंडलेलं कुत्रं आठवा. त्याला जायचंय बाहेर, ते दारावर पंजे मारतंय, कुणी दार उघडत नाही, शेवटी तिथंच करतं. आधी वाट अडवायची आणि मग तिथंच केलं म्हणून मारायचं. सकाळी नऊच्या आत दोन अतिचार, आणि आपण अभिषेकाला वेळेवर हजर.

पण मला जास्त बोलायचंय ते पाचव्याबद्दल, कारण तो सगळ्यात सोज्वळ दिसतो. मारणारीला निदान मारल्याचं कळतं. पाण्याचं भांडं उचलणारीला वाटतं, आपण शिस्त लावतोय. परवा एकीनं तर मला धर्मच शिकवला. म्हणाली, "आपण सूर्यास्तानंतर पाणी घेत नाही, त्यानं नाही घेतलं तर काय बिघडलं?" आणि चार जणींनी माना डोलावल्या.

बिघडलं ते असं. आपण रात्री पाणी सोडतो ते आपल्या इच्छेनं. समोर तांब्या भरलेला असतो, घेतला तर कुणी हात धरत नाही, तरी घेत नाही. त्याला त्याग म्हणतात. घरातल्या तान्ह्या लेकराला, आजाऱ्याला आपण हा नियम लावत नाही. आणि ज्या जिवाला नळ सोडता येत नाही, मागता येत नाही, दार उघडून ओढ्यावर जाता येत नाही, त्याच्यापुढचं पाणी काढून घेणं याला उमास्वामींनी नाव देऊन ठेवलंय. त्याला चौविहार म्हणायची सोय नाही.

शिवाय ते उपयोगाचंही नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं, आणि त्यात पाणीच खर्ची पडतं. एप्रिल-मेमध्ये आमच्या सांगलीत पारा चाळिशीला टेकतो. अशा दिवसांत तहानलेलं कुत्रं सकाळी भांडं दिसलं की एका दमात रिकामं करतं आणि मग अर्ध्या तासात दोनदा घर ओलं करतं. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते, वास जास्त मारते, मूतखड्याची भीती वाढते ती निराळीच.

आमच्या ओळखीत एक चार वर्षांची लॅब्रेडोर कुत्री आहे. इतकी शहाणी, की पावसातसुद्धा दारापाशी जाऊन थांबायची. ती एकाएकी घरात करायला लागली. आज सोफ्यापाशी, उद्या बेडरूममध्ये. घरच्यांनी ठरवलं, माजली आहे. पाचनंतर पाणी बंद. तर ती थेंब थेंब करायला लागली, दर तासाला, आणि सारखी मागची बाजू चाटायची. आठवडे गेले. शेवटी फरशीवर लालसर डाग दिसला, तेव्हा त्यांची सून घाबरून माझ्याकडे आली. मी म्हटलं, सकाळी पहिल्यांदा बसेल तेव्हा खाली स्वच्छ वाटी धर, बाटलीत भर आणि डॉक्टरांकडे ने. मूत्राशयाला संसर्ग झालेला होता. गोळ्यांचा कोर्स झाला, पाणी पोटभर मिळालं, आणि कुत्री पुन्हा दारापाशी जाऊन थांबायला लागली. इतके दिवस तिला जळजळत होतं आणि घरचे तिला वळण लावत होते.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच: जे कुत्रं आधी नीट होतं आणि मग बिघडलं, त्याला आधी डॉक्टर, मग बाकी सगळं. साधी लघवीची तपासणी असते. संसर्ग असेल, मूतखडा असेल, मधुमेह असेल, मूत्रपिंडाचं दुखणं असेल. नसबंदी केलेल्या काही माद्यांना झोपेत नकळत गळतं. म्हातारी कुत्री दिशाच विसरतात. घरात आजेसासरे-आजेसासू सांभाळलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. जाता जाता, आपण सांगलीकर उठसूट बेदाण्याची मूठ भरतो, कुत्र्यालाही दोन टाकतो. टाकू नका. द्राक्ष आणि बेदाण्यानं कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं.

आता नाक घासणाऱ्यांकडे येते. त्यांचा युक्तिवाद असा, की त्याला कळतं आपण चुकलो ते, बघा कसं कान पाडून बसतं. अमेरिकेत अलेक्झांड्रा होरोविट्झ नावाच्या बाईंनी २००९ साली १४ पाळीव कुत्र्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मालकानं खाऊला तोंड लावू नको म्हणून सांगायचं आणि खोलीबाहेर जायचं. काहींनी खाल्लं, काहींनी नाही. पण मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. तर ते अपराधी तोंड कुत्र्यानं खाल्लं की नाही यावर ठरत नव्हतं, मालक रागावला की नाही यावर ठरत होतं. काही न करता बोलणी खाणारी कुत्रीही तशीच कान पाडून बसली. म्हणजे आपण ज्याला पश्चात्ताप म्हणतो ती भीती असते. तासाभरापूर्वीच्या ओल्या डागाचा आणि आत्ताच्या फटक्याचा संबंध त्याच्या डोक्यात जुळत नाही. जुळतं एवढंच, की ही बाई बघत असताना लघवी करणं धोक्याचं आहे. मग ते पलंगाखाली, पडद्यामागं जाऊन करतं, आणि आपण म्हणतो, बघा किती लबाड. पाहुणे आले की लोळण घेऊन चार थेंब सोडणारी पिल्लं असतात, ती तर घाबरून किंवा आनंदानं सोडतात. त्यांच्यावर ओरडलं की थेंबांचं तळं होतं.

जीवंधरकुमारांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. यज्ञाच्या अन्नाला तोंड लावलं म्हणून लोकांनी कुत्र्याला मरेस्तोवर मारलं, आणि जीवंधरकुमारांनी त्याच्या कानात णमोकार सांगितला. ते कुत्रं मरून सुदर्शन यक्ष झालं. वादीभसिंहांच्या क्षत्रचूडामणीत ही कथा आहे. पाठशाळेतल्या मुलांना आपण ती सांगतो ती कुत्र्याच्या बाजूनं. त्या कुत्र्याचा गुन्हा काय होता? विटाळ केला. आपल्या घरातल्याचा गुन्हा काय? तोच.

सोवळ्याचं म्हणाल तर मला ते सोडायला सांगायचं नाही. आमच्याकडे स्वयंपाकघराच्या आणि देवघराच्या उंबऱ्याला गुडघाभर उंचीची फळी आहे, मोती ती ओलांडत नाही. चातुर्मासात चौका लावतो तेव्हा तो वरच्या मजल्यावर नातवाबरोबर असतो, पाण्याच्या भांड्यासकट. फळी लावायला सुताराला अर्धा दिवस लागला. हात उगारावा लागला नाही.

आणि पिल्लू दोन महिन्यांचं असेल तर मला जास्तच बोलायचंय. पिल्लाची धरून ठेवायची ताकद ढोबळमानानं महिन्याला एक तास. दोन महिन्यांचं असेल तर दोन तास, तेही जागेपणी खेळत नसेल तर. तुम्ही त्याला सकाळी दहाला कोंडून लग्नाला जाता आणि चारला येऊन फरशी बघून कपाळाला हात लावता. पेलणार नाही इतकं ओझं लादणं, अतिभारारोपण, ते पाठीवरच असतं असं थोडंच आहे! आपल्या मुनिमहाराजांच्या पाच समितींमध्ये एक अख्खी समिती मलमूत्र कुठं विसर्जित करायचं यासाठी आहे. जागा बघायची, जीवजंतू नाहीत ना पाहायचं, मग. घरदार सोडलेल्या, जाणत्या माणसालाही जे लक्ष देऊन पाळावं लागतं, ते दोन महिन्यांच्या पिल्लाला आठ दिवसांत आपोआप यावं अशी आपली अपेक्षा!

शिकवायचं कसं? माझ्याकडे शंभर पानी वही आहे. मुलाच्या घरून मोती आमच्याकडे आला तेव्हा सहा महिन्यांचा होता आणि दिवसातून चार वेळा घरात करायचा. मी चार रकाने आखले: पाणी, जेवण, बाहेर, घरात. प्रत्येकापुढं वेळ. घरातले हसले. आठ दिवसांनी वही वाचली तर त्याचा सगळा कारभार समोर होता. जेवणानंतर वीस मिनिटांनी एकदा. दुपारी झोपून उठला की लगेच. नातू शाळेतून आला, दंगा झाला, की त्यानंतर एकदा. चौथी वेळ रात्री साडेअकराची, कारण आम्ही त्याला शेवटचं नऊला नेत होतो आणि मग घर झोपत होतं. त्या चार वेळांच्या पाच मिनिटं आधी त्याला बाहेर न्यायचं, एवढंच शिक्षण. रोज त्याच दारानं, त्याच कडुनिंबाखाली, तोच शब्द: "शू कर." केली की तिथल्या तिथं, घरी येऊन नव्हे, एक फुटाणा आणि पाठीवर हात. घरात फिरत फिरत जमीन हुंगायला लागला, गोल घिरट्या घालायला लागला, की हातातलं लाटणं खाली ठेवायचं आणि उठायचं. रात्रीचा फेरा आमच्या ह्यांनी घेतला. त्यांच्या गुडघ्यांना बरा पडला. पाचव्या आठवड्यात "घरात" हा रकाना पूर्ण कोरा होता.

आपल्या सवयी इथं उलट कामाला येतात. आपलं जेवण दिवेलागणीच्या आत होतं, त्याच वेळी त्याचंही होऊ द्या, म्हणजे झोपेपर्यंत त्याचं पोट मोकळं होतं. पाणी मात्र रात्रभर राहू द्या.

पुसण्याचं एक लक्षात ठेवा. फिनाइलचा वास आपल्या नाकाला. त्याच्या नाकाला खालचा जुना वास तसाच येतो, आणि ती जागा त्याला संडासची पाटी लावल्यासारखी दिसते. अमोनिया असलेल्या द्रव्यानं पुसलंत तर आणखीच वाईट, कारण लघवीलाही तसाच वास असतो. आधी फडक्यानं टिपून घ्यायचं, साबणाच्या पाण्यानं धुवायचं, आणि मग प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमचं क्लीनर मिळतं ते बाटलीवर लिहिल्याप्रमाणे लावायचं. लगेच पुसलं की मुंग्या-माश्याही जमत नाहीत. तोही यत्नाचारच.

राहिला छेद. नर कुत्रं वयात आलं की सोफ्याच्या पायाला, पडद्याला तंगडी वर करून चार थेंब लावतं. ती लघवी नसते, हद्दीची खूण असते, आणि नसबंदीनं ती पुष्कळदा कमी होते. नसबंदी छेदात येते का, यावर आमच्या स्वाध्यायात तासभर वाद झाला. माझं मत असं, की भूल देऊन डॉक्टरांनी केलेली नसबंदी आणि रागानं कान कापणं एका ओळीत बसत नाही, आणि रस्त्यावर दरसाल गाडीखाली जाणारी पिल्लंही कुणाच्या तरी खात्यावर लिहावी लागतील. ज्यांना पटत नाही त्यांनी करू नये. मग पडदे धुवायची तयारी ठेवावी, एवढंच.

आता शेवटचा सल्ला, सोडून यायचा. आमच्या नात्यातल्या एका घरानं हे केलंय. हायवेला टोलनाक्याच्या पुढं नेऊन गाडीचं दार उघडलं. घरी येऊन सांगितलं, मोकळं केलं त्याला. तीन वर्षं हातातून पोळी खाल्लेलं कुत्रं रस्त्याकडेला उतरलं, आणि गाडी निघाली तसं मागं धावलं. हेही त्यांनीच सांगितलं, कौतुकानं. त्या दिवसापासून मी त्या घरी पाणी प्यायलेली नाही. ज्या समाजानं १८३२ साली, इंग्रजांनी मुंबईत बेवारशी कुत्री मारायला सुरुवात केली तेव्हा पारशांच्या बरोबरीनं विरोध केला, आणि १८३४ साली तिथं पांजरापोळ उभी राहिली तेव्हा सढळ हातानं पैसे दिले, त्या समाजातली माणसं आहेत ही. पांजरापोळीचं नाव काढलं तर म्हणतात, तिथंच नेऊन टाकायला हवं होतं. कुणीतरी सांभाळावं म्हणून ती आहे, आपला कंटाळा ठेवायला नव्हे.

कायद्याची भाषा कळत असेल तर १९६० चा प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा काढा, कलम ११. मारणं, जादा ओझं लादणं, आखूड साखळीनं बांधणं, अवयव तोडणं, मालकानं पुरेसं अन्नपाणी न देणं. पाचच्या पाच अतिचार तिथं आहेत, आणि सहावं टाकून देणं. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. एका साबणवडीच्या किमतीत सुटाल. बस्तीत बसून सातवा अध्याय वाचणाऱ्यांनी त्या ५० रुपयांवर समाधान मानायचं असेल तर माझं म्हणणं संपलं.

वहीचं पान मी आखून ठेवलंय, चार रकान्यांचं. रविवारी पूजा झाल्यावर बस्तीच्या मागच्या ओसरीवर बसलेली असते मी, हवं तिनं घेऊन जावं. कुत्र्याला बरोबर आणलंत तर फाटकाबाहेर सावलीत थांबा. त्याच्यासाठी पाणी मी घेऊन येते.